पोटरीमागील पन्हळीची कुळकथा
छत्रपती संभाजीनगरात पाणचक्कीच्या रस्त्यावर जे सरकारी रुग्णालय आहे, आणि ज्यास अवघा मराठवाडा नुसते 'घाटी' या नावाने ओळखतो, तेथे अंगावरून वारे गेलेला एखादा वृद्ध भिंतीचा आधार घेत चालावयास शिकत असला, तर त्याच्या पोटरीमागे बहुधा पांढऱ्या प्लास्टिकची एक पन्हळ बांधलेली आढळते. टाचेशी काटकोनात वळून तळव्याखाली जाणाऱ्या या वस्तूस दवाखान्यात 'एएफओ' (अँकल-फूट ऑर्थोसिस) म्हणतात. तिची कुळी शोधू गेल्यास मात्र आरंभी पक्षाघात भेटतच नाही. भेटतात ती युद्धे आणि पोलिओ.

मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाला, की पाऊल उचलण्याचा हुकूम नडगीपुढच्या स्नायूस पोहोचेनासा होतो. पोटरी पुढे ताठरते, पाऊल खाली व आत वळते, बोटे जमिनीस घासतात, आणि अडखळू नये म्हणून मनुष्य सबंध पाय कमरेतून बाहेर फिरवून टाकू लागतो. परंतु अशा वृद्धाचे दैव अटळ मानून त्यास खाटेवर निजवून ठेवण्याचीच वहिवाट दीर्घकाळ होती. साधने घडली ती तरुणांसाठी व मुलांसाठी. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली निघाले ते जखमी सैनिकांकरिता. १९४७ साली मुंबईत फातिमा इस्माईल यांनी पोलिओग्रस्त मुलांचे चिकित्सालय उघडले ते स्वतःच्या मुलीच्या आजारातून. आणि १९५५ साली हाजीअलीस पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. निजामाच्या अमलातून आठ वर्षांपूर्वीच सुटलेल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वैद्यकीय महाविद्यालय आले ते पुढल्याच वर्षी, १९५६ साली.

त्या काळचे साधन म्हणजे कॅलिपर: बुटास जोडलेल्या दोन लोखंडी सळ्या व पोटरीभोवती कातडी पट्टा. पोलिओच्या बालकाने तो ओढावा हेच कठीण. अर्धे अंग गेलेल्या आजोबांची गोष्टच वेगळी! १९५४ साली इटलीत जूलिओ नात्ता यांच्या प्रयोगशाळेत पॉलिप्रोपिलीन सिद्ध झाले, आणि सत्तरीच्या दशकात त्याचा तक्ता भट्टीत मऊ करून, रुग्णाच्या पायाच्या प्लास्टर-ठशावर निर्वात ओढीने बसवून, कडा कापून घेण्याची रीत रूढ झाली. लोखंड गेले, आणि साधन बुटात मावू लागले.

व्यायामाशी मात्र या पट्टीचे प्रारंभी फारसे सख्य नव्हते. लंडनच्या बेर्टा व कारेल बोबाथ या दांपत्याच्या व्यायामोपचार-पंथातील अनेकांस, पट्टीने स्नायू आळशी होतील ही धास्ती वाटे. मला ती धास्ती अर्धीच खरी वाटते. कारण पडण्याच्या भीतीने जो चालतच नाही, त्याचा व्यायाम होणार कसा? लिबरसन या संशोधकांनी १९६१ साली टाच उचलताच नडगीपुढच्या स्नायूच्या मज्जातंतूस वीज देणारे यंत्र योजले, तेव्हा चालणे हाच व्यायाम ठरला. आज थेरपिस्ट पोटरी ताणून घेतो, बसल्या जागी चवडा उचलण्याची आवर्तने करवतो, आणि चालताना पट्टी बांधतो.

आपल्याकडची अडचण निराळीच आहे. ही पट्टी बूट गृहीत धरते. आपण घरात, देवळात अनवाणी, बाहेर चपलेत, जेवणास मांडी घालून. म्हणून मागे पट्टा असलेली, एक माप मोठी सँडल घ्यावी लागते, आणि घरात वापरावयास तिचाच दुसरा, धुतलेला जोड ठेवावा लागतो. त्यास घरच्या वडीलधाऱ्यांची संमती मिळविणे हे थेरपिस्टच्या कामापैकीच एक होऊन बसते.