ओळखीच्या गावांपलीकडे

डवरी गोसावी आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या गावांना कधी परका वाटला नाही. भगवी वस्त्रं, हातात डमरू, खांद्याला झोळी आणि तोंडी भैरवनाथाची गाणी. सुगी उरकली की तो यायचा. आधी पाटलाच्या कानावर घालायचं, पाल गावाबाहेर टाकायचं, मग दारोदार फिरायचं. फिरस्त्या घराण्यांत गावं वाटून घेतलेली असत, त्यामुळे बापामागं लेक त्याच उंबऱ्यापुढं उभा राही. माझी आजी सुपातले जोंधळे झोळीत ओतताना त्याला विचारायची, "थोरला यंदा का नाही आला रे?" तो कोण, कुणाचा, हे गावाला तोंडपाठ होतं. कागद कुणी मागत नव्हतं.

फिरस्त्याकडे संशयाने पाहायला सरकारनेच शिकवलं. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती, तिथं हजेरी चुकवता येत नसे. तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला, माणसं सुटली. पण 'फिरता माणूस म्हणजे चोर' हा समज काही सुटला नाही. त्यात शेतीवर, बलुत्यावर चालणारं जुनं गाव मोडलं, भिक्षा आटली. पोटासाठी गोसावी एसटीने लांबलांबच्या मुलखात जाऊ लागला. तिथं त्याच्या बापाला ओळखणारं कुणी नव्हतं.

धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातलं राईनपाडा हे असंच एक गाव. 1 जुलै 2018, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथं उतरली, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातली. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथंच मारून टाकलं. भोवतालचे लोक मोबाइलवर चित्रण करत होते.

मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज तेव्हा देशभर व्हॉट्सॲपवर फिरत होते. त्यांतल्या एका व्हिडिओत मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारं पोर उचलून नेताना दिसतात. मूळ फिल्म कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली. तिच्यात ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तो शेवटच कुणीतरी कापला होता. उरलेला तुकडा आयांची झोप उडवायला पुरेसा होता.

असा मेसेज येतो भावकीच्या, गल्लीच्या, मित्रमंडळाच्या ग्रुपवर. पाठवणारा मामा असतो, वर्गमित्र असतो. त्याच्यावर विश्वास म्हणून मेसेजवर विश्वास. पुढे न पाठवणारा आपल्या पोरांची काळजी नसलेला ठरतो. बघता बघता 'आपण' आणि 'ते' अशी फळी उभी राहते, 'त्यां'च्यातल्या एकालाही कधी न भेटता. पूर्वी परक्याची पारख त्याच्याशी बोलून होई. आता तो बसमधून उतरण्याआधीच निकाल लागलेला असतो. राईनपाड्याचं दुःख असं की मारणारे आणि मरणारे दोघेही सत्तेपासून कोसो दूर राहिलेले.

त्याच जुलैत व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल असं बंधन जाहीर केलं. 17 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. दोन्ही गोष्टी हव्याच होत्या. पण मला सलते ती जागा. जिथं गावाने मिळून निर्णय घ्यायचा, त्याच खोलीत ही हत्या झाली. मतदानाला रांग लावली म्हणजे लोकशाही पूर्ण होत नाही. परक्या माणसाला आपलं म्हणणं मांडू देणं आणि तोवर त्याच्या अंगाला हात लागू न देणं, हे गावाचं कर्तव्य आहे. सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामसभेने ते उघडपणे अंगावर घ्यावं. मोबाइलवर आलेल्या भीतीला गावाकडे दुसरं उत्तर नाही.