सोयाबीनवरील तांबेरा
सोयाबीनवरील तांबेरा हा 'फॅकोप्सोरा पॅचिरायझी' या बुरशीमुळे होणारा रोग आहे. महाराष्ट्रात सांगली, कोल्हापूर व सातारा जिल्ह्यांत त्याचा प्रादुर्भाव विशेष आढळतो.

लक्षणे
पानांच्या खालच्या बाजूस सूक्ष्म, तपकिरी फोड येतात. त्यांतून बाहेर पडणारे भुकटीसारखे बीजाणू वाऱ्याने दूरवर पसरतात. पाने अकाली गळल्याने शेंगांत दाणे नीट भरत नाहीत. ढगाळ, दमट हवा रोगास पोषक ठरते.

व्यवस्थापन
ही बुरशी केवळ जिवंत वनस्पतीवर जगते. म्हणून उन्हाळी सोयाबीन टाळल्यास व आपोआप उगवलेली रोपे उपटल्यास खरिपातील लागण कमी होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'फुले संगम' (केडीएस ७२६) हे वाण तांबेऱ्यास मध्यम प्रतिकारक आहे. लक्षणे दिसताच हेक्झाकोनॅझोल किंवा प्रोपिकोनॅझोल या बुरशीनाशकाची फवारणी करतात. पाने गळून गेल्यावर ती निरुपयोगी ठरते.