एक्सपी, एटीएम आणि ‘कायले बदलवायचं?’

आजचा प्रश्न यवतमाळ, पुसद, वणी, कुठल्याही डीटीपीच्या दुकानात ऐकू येईल असा. दुकानदाराला म्हणा, विंडोज जुनी झाली. तो म्हणेल, “चालून राह्यलं ना बापा, मग कायले बदलवायचं?”

हा निव्वळ आळस नाही बरं का. विंडोज एक्सपी बाजारात आली 25 ऑक्टोबर 2001 ला. पेजमेकर, श्रीलिपी, कृतिदेव, सगळं तिच्यावर बसलं. लग्नपत्रिकांच्या त्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये नव्हत्या. तोच फॉन्ट नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मराठीची नुसती खिचडी. मग बदलायला भीती वाटणारच.

8 एप्रिल 2014 ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीची डागडुजी थांबवली. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशीही कॉम्प्युटर सुरूच झाला! म्हणून लोकांना वाटलं, काही बिघडलं नाही. पण त्यानंतर सापडणारी भोकं बुजवायला कुणी नव्हतं.

मे 2017. वॉनाक्राय आला, फाइलींना कुलूप लावून खंडणी मागू लागला. दीडशेच्या वर देशांत पसरला. आता खरी गोष्ट ऐका: त्यात अडकलेले बहुतेक कॉम्प्युटर एक्सपीचे नव्हतेच, विंडोज 7 चे होते. त्यांच्यासाठीचं अपडेट 14 मार्चलाच आलं होतं. दोन महिने कुणी टाकलंच नाही! जूनमध्ये नॉटपेट्या आला, त्यानेही पसरायला तेच भोक वापरलं. मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं.

आणि एटीएम? त्यातही एक्सपी होती. जून 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना टप्पे बांधून दिले: सप्टेंबरपर्यंत किमान 25 टक्के मशीन बदला, जून 2019 पर्यंत सगळी. म्हणजे डागडुजी थांबल्यावर पाच वर्षांनी!

मग किती वर्षांनी बदलायचं? माझं मत, वर्षं मोजूच नका. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. दर महिन्याचं सुरक्षा अपडेट लगेच टाकायचं. अख्खी सिस्टीम मात्र डागडुजीची शेवटची तारीख यायच्या आत बदलायची. नवीन आली म्हणून पहिल्याच दिवशी उडी नको. आधी फाइलींची कॉपी काढा, आपले फॉन्ट, प्रिंटर चालतात का बघा.

विंडोज 10 ची तारीख 14 ऑक्टोबर 2025 होती. घरगुती कॉम्प्युटरला नोंदणी करून आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट मिळतात, बस. जुन्या फाइलींसाठी जुनं मशीन ठेवायचंच असेल तर ठेवा, पण त्याचं इंटरनेट काढा. बँकेचं काम त्यावर अजिबात नको.

आणि हो, हातातल्या मोबाइलचंही तेच. सेटिंगमध्ये जाऊन शेवटचं सुरक्षा अपडेट कधीचं आहे ते आत्ताच बघा. भेटू पुढच्या भागात!