सांडपाण्याची चाळणी: एकही जंतू न मारता आजार रोखणारे यंत्र



पावसाळा आला की जुलाब, कावीळ, टायफॉईड आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्याबद्दल आपण दरवर्षी बोलतो. पाणी उकळून प्या, हात धुवा, साचलेल्या पाण्यातून चालू नका, हे सल्ले तुम्हाला आता पाठ झाले असतील. आज आपण पाण्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू. तुम्ही फ्लशचे बटण दाबता, त्यानंतर काय होते?

मैलापाणी प्रक्रिया केंद्रात पोहोचले की सर्वांत आधी त्याच्या वाटेत एक जाळी येते. पहिली जाळी जाड गजांची असते. तिच्यात लाकूड, चिंध्या, बाटल्या अडकतात. त्यापुढे बारीक चाळणी असते. तिची भोके किंवा फटी साधारण ६ मिलिमीटर किंवा त्याहून लहान असतात. अडकलेला कचरा यांत्रिक दाताळे किंवा ब्रश सतत वर ओढून काढतात.

आता एक साधा हिशोब करा. कॉलऱ्याचा जंतू लांबीला सुमारे १ ते ३ मायक्रॉन असतो. ६ मिलिमीटर म्हणजे ६,००० मायक्रॉन. म्हणजे चाळणीचे भोक जंतूच्या हजारो पट मोठे! मग या चाळणीचा आपल्या आरोग्याशी संबंध काय? हे समजायला बराच काळ लागला. तो इतिहास थोडक्यात पाहू.

लंडन: पंप वाचवणारे गज

१८५४ मध्ये डॉ. जॉन स्नो यांनी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाकडे बोट दाखवले आणि कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो असे मांडले. तेव्हा फारशा लोकांना ते पटले नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात मात्र थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की नदीकाठच्या संसदेत बसणे अवघड झाले. मग जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याला शहराखालून मोठी गटारे बांधायला पैसा मिळाला. १८६५ मध्ये क्रॉसनेसचे पंपिंग स्टेशन सुरू झाले.

अशा केंद्रांत पंपांच्या आधी लोखंडी गज बसवत. हेतू एवढाच, की चिंध्या आणि लाकडे पंपात अडकू नयेत. मैला मात्र तसाच साठवून ओहोटीबरोबर नदीत सोडला जाई. शहरातला कॉलरा हटला, पण घाण फक्त काही मैल पुढे सरकली.

याची आठवण ३ सप्टेंबर १८७८ रोजी भीषण रीतीने झाली. ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ ही सहलीची बोट दुसऱ्या जहाजाला धडकून याच मैल्याच्या तोंडांजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे मेली. थोड्याच वेळापूर्वी तिथे मैला सोडलेला होता. त्यानंतरच्या दशकात चौकशी आयोग बसला आणि मैल्यातील गाळ वेगळा करून जहाजाने समुद्रात नेण्याची व्यवस्था झाली. मैला दूर नेणे म्हणजे त्यावर उपचार करणे नव्हे, हे लंडन असे शिकले.

एल्ब नदी: चाळणी हाच उपचार?

आता जर्मनीत जाऊ. १८९२ मध्ये हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने आठ हजारांहून अधिक बळी घेतले. हे शहर एल्ब नदीचे पाणी वाळूतून न गाळताच पीत होते. त्याला लागूनच अल्टोना हे शहर. त्याचे पाणीही याच नदीचे, तेही हॅम्बुर्गच्या मैल्यानंतरच्या प्रवाहातून घेतलेले. पण अल्टोना ते वाळूच्या थरातून सावकाश गाळत असे, आणि ते बरेच वाचले. वाळूवर सूक्ष्मजीवांचा एक चिकट थर तयार होतो आणि तो रोगजंतू अडवतो. म्हणजे खरे काम सूक्ष्मजीवांचे होते.

याच नदीवर, बरेच वर, ड्रेस्डेन शहर आहे. १९१० च्या सुमारास तिथे मैलापाण्यासाठी बारीक चाळण्या बसवल्या. त्या काळी ते मोठे नवल होते. पाण्यात तिरकी बुडालेली एक प्रचंड तबकडी, तिला सुमारे २ मिलिमीटरच्या फटी. ती सावकाश फिरे आणि अडकलेली घाण पाण्याबाहेर आली की ब्रश ती झाडून टाकत. गाळलेले पाणी नदीत जाई. तरंगणारी घाण दिसेनाशी झाली की उरलेले मोठी नदी पचवून टाकेल, असा तेव्हाचा विचार होता. अशा चाळण्या पुढे न्यूयॉर्कसारख्या शहरांतही गेल्या.

पण घाण दिसत नाही म्हणजे पाणी निर्धोक झाले असे नाही. विरघळलेली घाण आणि रोगजंतू चाळणीतून आरामात पुढे जात होते.

१९१४: चाळणीला तिची जागा सापडली

१९१४ मध्ये मँचेस्टरच्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी नवी पद्धत मांडली. मैलापाण्यात हवा सोडायची, त्यातले उपयुक्त जीवाणू वाढवायचे, त्यांच्याकडून घाण खाऊन घ्यायची आणि तोच जिवंत गाळ पुन्हा वापरायचा. आजही जगभरातील असंख्य केंद्रे याच तत्त्वावर चालतात.

तेव्हापासून चाळणीचे काम स्पष्ट झाले. ती स्वतः उपचार करत नाही. पुढच्या उपचाराला ती जिवंत ठेवते. चिंध्या आणि प्लॅस्टिक आत गेले तर पंप अडकतात, हवेच्या नळ्या तुंबतात, जीवाणूंना प्राणवायू मिळत नाही आणि अर्धवट शुद्ध पाणी बाहेर पडते. आज काही केंद्रांत पाणी अतिसूक्ष्म पडद्यातून गाळतात. ते पडदे फाटू नयेत म्हणून आधी १ ते ३ मिलिमीटरच्या चाळण्या लावाव्या लागतात.

आपल्या नाकातले केस आठवा. ते विषाणू मारत नाहीत. पण मोठी धूळ तिथेच थांबते, म्हणून आतली नाजूक यंत्रणा आपले काम करू शकते.

पावसात काय होते?

लंडनसारख्या जुन्या शहरांत पावसाचे पाणी आणि मैला एकाच गटारातून वाहतात. जोराचा पाऊस झाला की गटार भरते आणि जादा पाणी थेट नदीत सुटते. तिथेही चाळण्या लावतात. पण उभ्या गजांच्या लांब फटीतून कान कोरायच्या काड्या सरळ निसटत. म्हणून इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी दोन्ही दिशांना ६ मिलिमीटरच असलेली भोके वापरू लागले. प्लॅस्टिक दांडीच्या काड्यांवर तर २०२० मध्ये तिथे बंदीच आली.

आणि आपली मुंबई?

मुंबईत मैला आणि पावसाचे पाणी बहुतांशी वेगवेगळ्या वाहिन्यांतून जाते. वरळी आणि वांद्रे येथून मैलापाणी अनेक वर्षे फक्त गाळून, रेती काढून, सुमारे साडेतीन किलोमीटर समुद्रात सोडले जात आहे. म्हणजे चाळणी आहे, पण पुढची जैविक पायरी नाही. आता शहरात सात ठिकाणी नवी प्रक्रिया केंद्रे उभारण्याचे काम हाती घेतले आहे.

पावसाळी नाल्यांचे महत्त्व २६ जुलै २००५ ने शिकवले. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इतका पाऊस कोणत्याही नाल्याला पेलला नसता, पण प्लॅस्टिकने तुंबलेल्या नाल्यांनी हाल वाढवले. त्यानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मूत्रातले जंतू साचलेल्या पाण्यातून पायांच्या जखमांवाटे शरीरात शिरतात. पाणी जितके जास्त वेळ साचते, तितका धोका वाढतो.

जाळी साफ कोण करते?

यंत्र नसेल तिथे हे काम माणसाच्या वाट्याला येते. बंद गटारात हायड्रोजन सल्फाइड वायू साचतो. त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. वास गेला म्हणजे धोका टळला असे वाटते आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेलाही अनेकदा जीव गमावतो. २०१३ च्या कायद्याने गटारे आणि सेप्टिक टँकची अशी धोकादायक सफाई करून घेण्यास मनाई केली आहे. तरी मृत्यूच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. म्हणूनच आपोआप साफ होणारी चाळणी आणि गटार उपसणारे यंत्र ही माझ्या मते चैन नव्हे, ती कामगारांच्या जिवाची गरज आहे.

तुम्ही काय कराल?

• संडासात फक्त मलमूत्र, पाणी आणि टॉयलेट पेपर जाऊ द्या. सॅनिटरी पॅड, डायपर, कंडोम, कापूस, केस यांची जागा कचऱ्याच्या डब्यात आहे. पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्या.

• ओले वाइप्स पाकिटावर काहीही लिहिलेले असले तरी फ्लश करू नका. ते सहज विरघळत नाहीत.

• वापरलेले तेल सिंकमध्ये ओतू नका. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात चरबी आणि वाइप्सचा सुमारे १३० टनांचा गोळा गटारात सापडला होता.

• सोसायटीचा सेप्टिक टँक किंवा चेंबर साफ करायला माणूस उतरवू देऊ नका. यंत्रच मागवा.

• साचलेल्या पाण्यातून चालावे लागले तर पाय साबणाने धुवा. पायाला जखम असेल तर शक्यतो ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. प्रतिबंधक गोळ्या कोणाला द्यायच्या हे त्यांना ठरवू द्या, स्वतःहून घेऊ नका.

• नंतरच्या काही आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे किंवा लघवी कमी होणे अशी लक्षणे दिसली, तर आपण पाण्यातून गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.