कापूस, बॅकबे आणि १८६५चा जुलै

हेमलकशाहून निघालेला रस्ता आलापल्लीला पोचतो, तिथे हल्ली सूरजागडचे लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांची रांग भेटते. २०२१नंतर तिथले उत्खनन वाढले आणि खाणकंपनीच्या समभागाचा भाव अनेक पटींनी चढला. त्याचे भाकीत करण्याचा इथे हेतू नाही. डोंगरात लोखंड खरोखरच आहे. पण १८६५च्या मुंबईतला कापूसही खराच होता, आणि तिथेच ती कथा सुरू होते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडची बंदरे अडली आणि लँकेशरच्या गिरण्यांनी हिंगणघाट-वऱ्हाडच्या कापसाकडे मोर्चा वळवला. या काळात सुमारे आठ कोटी पौंडांची जादा संपत्ती मुंबईत आली, असा अंदाज पुढे मांडला गेला. इतका पैसा गुंतवण्याजोगे उद्योग शहरात नव्हते. मग कंपन्याच निर्माण झाल्या. १८६५च्या आरंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ भूमी-कंपन्या होत्या. समुद्र हटवून जमीन काढू पाहणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा समभाग पन्नास हजारांपर्यंत गेला. जमीन अद्याप पाण्याखालीच होती!

यामागे निव्वळ हाव होती असे म्हणणे सोपे, पण अपुरे आहे. १८६३च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला समभागांच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळाली. कर्जातून समभाग घ्यावा, मागणीने भाव चढावा, चढलेल्या भावावर पुन्हा कर्ज काढावे, असे हे चक्र होते. प्रत्येकाचा विश्वास शेजाऱ्याच्या विश्वासावर उभा. प्रेमचंद रायचंद यांचे नाव जोडले जाणे हीच एखाद्या योजनेची पुरेशी परीक्षा ठरे. बाहेर राहणाऱ्याला आपण शहाणे आहोत असे वाटत नसे. आपणच मागे पडलो असे वाटे. २०१७च्या डिसेंबरात वीस हजार डॉलरच्या उंबरठ्यावर गेलेले बिटकॉइन वर्षभरात चार हजारांखाली आले, तेव्हा घेणाऱ्यांची मनःस्थिती याहून फारशी निराळी नसावी. फरक एवढाच, की तिथे मुळाशी कापसाची गाठही नव्हती.

एप्रिल १८६५मध्ये जनरल ली शरण आला. १ जुलै हा मुदतीच्या सौद्यांच्या फेडीचा दिवस; त्या दिवशी देणेकरी पुष्कळ निघाले, देणारा कोणी नव्हता. बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली. प्रेमचंदांनी १८६४ साली दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर मात्र १८७८मध्ये पुरा झाला.

शहराची लोकसंख्या १८६४ साली ८,१६,५६२ होती, १८७२ साली ६,४४,४०५ भरली. कापूस वाहून नेणारी रेल्वे नागपूरला पोचली १८६७ साली. तोवर भाव उतरले होते.