‘हेमाडपंती’ : एका संज्ञेचा अर्थ आणि खानदेशातील देवळे

महाराष्ट्रात चुना न वापरता घडीव काळ्या दगडात रचलेले कोणतेही जुने देऊळ ‘हेमाडपंती’ म्हणून ओळखले जाते. ज्याच्या नावावरून ही संज्ञा रूढ झाली तो हेमाद्री देवगिरीच्या महादेव यादवाच्या (इ.स. १२६०–१२७१) आणि पुढे रामचंद्राच्या पदरी मंत्री होता. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा त्याचा धर्मशास्त्रविषयक ग्रंथ प्रसिद्ध आहे. लोकपरंपरेने मोडी लिपी आणि बाजरीसुद्धा त्याच्याच खात्यावर जमा केली आहे. तेव्हा देवळेही जमा व्हावीत यात नवल नाही. इ.स. १८८० च्या खानदेश गॅझेटियरनेही हीच संज्ञा उचलली आणि ती अभ्यासकांच्या लेखनात स्थिरावली.

खानदेशातील शिलालेख मात्र वेगळी साक्ष देतात. चाळीसगाव तालुक्यातील वाघळीचा लेख शके ९९१ (इ.स. १०६९) चा असून, त्यात यादवांचा मांडलिक असलेल्या मौर्य कुळातील गोविंदराजाने बांधलेल्या शिवालयाचा उल्लेख येतो. त्याच तालुक्यातील पाटणे येथील महेश्वर मंदिराचा लेख शके १०७५ (इ.स. ११५३) चा आहे. निकुंभ वंशातील इंद्रराजाने आरंभिलेले हे मंदिर त्याच्या मृत्यूनंतर, राणी श्रीदेवी अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्यकारभार पाहत असताना पूर्णत्वास गेले. हेमाद्रीचा काळ यानंतर शतकभराने येतो. ‘हेमाडपंती’ म्हटले की मांडलिक राजकुळे आणि श्रीदेवीसारखी राज्यकर्ती स्त्री, दोन्ही दृष्टीआड होतात. संज्ञेची ही खरी हानी होय.

अर्थाच्या बाजूनेही संज्ञा संदिग्ध आहे. दगडांना खाचा पाडून, त्यांच्याच भाराने त्यांना स्थिर ठेवणे ही बांधणीची पद्धत झाली. अलंकरणाची शैली ही निराळी बाब होय. साक्री तालुक्यातील बळसाणे येथील देवळांचे कोरीव स्तंभ व भिंती आणि हेमाद्रीच्या काळातील तुलनेने साधी देवळे एकाच नावाखाली येतात ती केवळ बांधणीमुळे. अलंकृत शिखरांच्या एका महत्त्वाच्या प्रकारासाठी ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातील ग्रंथात ‘भूमिज’ हा नेमका शब्द आहे : चार दिशांना उभ्या लता आणि त्यांच्या मधल्या भागांत भूमीगणिक चढत जाणाऱ्या लघुशिखरांच्या ओळी. अंबरनाथचे शिवालय (शके ९८२, इ.स. १०६०) याच प्रकारचे आहे.

युरोपातील ‘गॉथिक’ शैलीशीही गॉथ टोळ्यांचा संबंध नव्हता. प्रबोधनकाळातील इटालियन लेखकांनी ते नाव हेटाळणीने दिले. ‘हेमाडपंती’ हे नाव आदरापोटी आले, एवढाच फरक.

पाटण्याचाच आणखी एक लेख येथे लक्षणीय ठरतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने ‘सिद्धांतशिरोमणी’च्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या मठाला इ.स. १२०७ च्या सुमारास ज्या निकुंभ बंधूंनी दाने दिली, त्यांपैकी धाकट्याचे नाव हेमाडिदेव असे आहे. हा हेमाडि मंत्री हेमाद्रीहून पूर्वीचा आणि सर्वस्वी वेगळा.