सीबीसीच्या कागदावरचा इतिहास : वऱ्हाडचा कापूस, परळच्या प्रयोगशाळा आणि आपले रक्त

आजचा धागा एका साध्या कागदाविषयी आहे. राजापेठेतल्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी रक्त देऊन यावे आणि सायंकाळी 'सीबीसी'चा अहवाल हाती पडावा, हा अनुभव आता घरोघरचा आहे. (सीबीसीसाठी उपाशी राहावे लागत नाही. ती अट साखरेच्या आणि चरबीच्या तपासणीची. तरीही आपल्याकडे माणसे चहासुद्धा न घेता रांगेत बसतात.) अहवालातले ठळक छापलेले, मर्यादेबाहेरचे आकडे तेवढे आपण पाहतो आणि कागद घडी घालून ठेवून देतो.

इतिहासाच्या अभ्यासकाने तो कागद पुन्हा उघडावा. त्यातील काही ओळी निव्वळ शरीराच्या नाहीत. गिरणीत राबणाऱ्या बायका काय जेवत होत्या, आपल्या पूर्वजांनी सोयरीक कोठे जुळवली, हिवताप कोणत्या खोऱ्यांत मुक्कामाला होता, याच्या नोंदीही त्यांत उतरलेल्या असतात. आणि त्या वाचण्याची विद्या ज्या ठिकाणी घडली, त्यांत मुंबईचे परळ आणि आपले नागपूर यांचा वाटा मोठा आहे.

प्रथम रक्ताची ओळख करून घेऊ. जांभळ्या झाकणाच्या नळीत 'ईडीटीए' हे द्रव्य असते. ते रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून रक्त गोठत नाही. अशी नळी यंत्रात वेगाने फिरवली की रक्ताचे थर होतात. वर फिकट पिवळा द्रव, म्हणजे प्लाझ्मा; तो निम्म्याहून थोडा अधिक. तळाशी तांबड्या पेशी. दोहोंच्या मध्ये पांढऱ्या पेशी व प्लेटलेट यांचा एक पातळ पांढुरका पापुद्रा. लाल झाकणाच्या नळीत मात्र रक्त मुद्दाम गोठू देतात. गोठताना प्लाझ्मातील फायब्रिनोजेन खर्ची पडते आणि उरलेल्या द्रवाला सीरम म्हणतात. सीबीसीला पहिली नळी लागते. यकृत-मूत्रपिंडाच्या बहुतेक तपासण्या दुसरीवर होतात.

तांबडी पेशी सतराव्या शतकातच सूक्ष्मदर्शकाखाली दिसली होती. हॉलंडच्या लेव्हेनहुकने 1674 साली तिचे वर्णन केले. डेंग्यूच्या हंगामात ज्यांच्या आकड्यावर सारे घर डोळे लावून बसते, त्या प्लेटलेटचे नीट वर्णन होण्यास मात्र 1882 साल उजाडावे लागले. ते इटलीच्या बिझोझेरोने केले. पांढऱ्या पेशींचे प्रकार ओळखण्यासाठी त्यांना रंगवावे लागते. भारतातील असंख्य लॅबमध्ये काचपट्टीवर आजही जो रंग ओततात, तो विल्यम लाइशमन या ब्रिटिश लष्करी डॉक्टरच्या नावाचा आहे. लाइशमनने 1890 ते 1897 ही वर्षे भारतात काढली होती आणि 1901 साली हा रंग प्रसिद्ध केला. वसाहतीच्या लष्कराला काळा आजार आणि हिवताप यांची जी धास्ती होती, तिच्यातून ही शाखा वाढली, हे लक्षात ठेवावे.

आता वऱ्हाडकडे येऊ. 1853 साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने कापसाचे भाव गगनाला भिडवले, आणि पुढे बडनेऱ्यावरून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गाने वऱ्हाडी कापूस समुद्राकडे आणि मुंबईच्या गिरण्यांकडे वाहू लागला. राजापेठेहून बडनेऱ्याचा रस्ता धरणाऱ्या आजच्या तरुणाला हे सांगायला नको की त्याच्या आजा-पणजाचा हिशेब गाठींतच चालत असे. त्या गाठी जेथे सुटत, त्या गिरणगावाच्या मध्यभागी परळ होते; आणि परळमध्ये, पूर्वीच्या गव्हर्नरच्या निवासात, हाफकिन संस्था होती. प्लेगच्या लसीसाठी उभारलेली ही प्रयोगशाळा 1899 पासून तेथे होती आणि 1925 साली तिला वाल्डेमार हाफकिन यांचे नाव मिळाले.

1928 साली या संस्थेत लंडनहून एक स्त्री डॉक्टर आल्या : लूसी विल्स. त्यांना बोलावण्यात मार्गारेट बाल्फोर यांचा पुढाकार होता. मुंबईतील गर्भवती स्त्रिया, विशेषतः गिरणीकामगार वस्त्यांतल्या, एका भयंकर रक्तक्षयाने खचत आणि मरत होत्या. रक्त पातळ, चेहरा पांढराफटक, धाप लागलेली. आणि सूक्ष्मदर्शकाखाली मात्र एक चक्रावून टाकणारी गोष्ट दिसे. तांबड्या पेशी संख्येने फार थोड्या, पण प्रत्येक पेशी नेहमीपेक्षा मोठी.

हे मोठेपण महत्त्वाचे का? लोह कमी पडले तर पेशी लहान आणि फिकी होते. पेशी मोठी होत असेल तर उणीव वेगळीच असते : पेशीचे केंद्रक वेळेवर विभागत नाही, आणि ती विभागण्याची वाट पाहत फुगत राहते. आजच्या अहवालात 'एमसीव्ही' नावाची जी ओळ आहे, ती नेमकी हीच, तांबड्या पेशीच्या सरासरी आकारमानाची. प्रौढांत साधारण 80 ते 100 फेम्टोलिटर हे प्रमाण मानतात. विल्स यांच्या काळात तो आकडा देणारे यंत्र नव्हते. अमेरिकेच्या विनट्रोब यांनी 1929 च्या सुमारास पेशींचे एकूण आकारमान आणि पेशींची संख्या यांचा भागाकार करून तो काढण्याची रीत बसवली. पेशी एका बारीक छिद्रातून विजेच्या प्रवाहातून जाऊ देऊन मोजणारे कूल्टर यांचे यंत्र त्यानंतरचे; त्याचे पेटंट 1953 चे.

विल्स यांच्या मुंबईतील कामाचा खरा इतिहास शोधनिबंधांच्या शीर्षकांतही सापडतो. 1930 च्या पहिल्या निबंधावर त्यांच्यासोबत एम. एम. मेहता यांचे नाव आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधावर एस. एन. तळपदे यांचे, आणि त्या निबंधाचा विषय आहे मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी. रक्ताचा शोध घेणाऱ्यांनी स्वयंपाकघरात डोकावावे, ही गोष्ट त्या काळी सहज नव्हती. जंतू, विषबाधा, गर्भाचे काही द्रव्य अशी कारणे सुचवली जात. पाहणीत दिसले ते असे की हा रोग ज्या गरीब मुस्लिम स्त्रियांत सर्वाधिक होता, त्यांच्या ताटात प्रथिने, फळे आणि भाज्या जवळपास नव्हत्या. परळचे कामगार, बाजार आणि महागाई यांचा इतिहास लिहिणाऱ्याने ही नोंद टाळू नये. मुंबईच्या इतिहासात मेहता-तळपदे ही नावे कितीशी येतात, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो.

त्यांनी आधी उंदरांवर आणि पुढे माकडांवर तसाच आहार लादून पाहिला. रक्तक्षय झाला. मग मार्माइट दिले. मद्यनिर्मितीनंतर उरलेल्या यीस्टचा हा खारट काळा अर्क, इंग्लंडमध्ये पावावर लावून खातात तो. रक्त सुधारले. स्त्रियांना दिल्यावरही पेशींची संख्या वाढू लागली. 1931 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे प्रसिद्ध झाले. तोवर दुसऱ्या एका जीवघेण्या रक्तक्षयावर यकृताचा अर्क देत असत आणि तो अचूक काम करी. परंतु शुद्ध केलेला अर्क या बायकांना लागू पडेना, मार्माइट मात्र पडे. म्हणजे उणीव वेगळ्या द्रव्याची होती. बरीच वर्षे त्याला 'विल्स घटक' असेच म्हणत. 1941 साली पालकाच्या पानांतून त्याला वेगळे करण्यात आले आणि लॅटिनमधील 'पान' या शब्दावरून फोलिक आम्ल हे नाव मिळाले. पुढे अमेरिकेतील लेडर्ले कंपनीच्या ज्या गटाने ते कृत्रिमरीत्या बनवले, त्याच्या प्रमुखांत आपल्या देशातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते.

आज सरकारी दवाखान्यात गर्भिणीला लोहाच्या गोळीसोबत फोलिक आम्ल मिळते. तिच्या हिमोग्लोबिनसाठी 11 ग्रॅम ही खालची मर्यादा धरतात, गर्भार नसलेल्या स्त्रीसाठी 12 आणि पुरुषासाठी 13. एमसीव्ही वर असेल तर डॉक्टर फोलेट आणि बी12 दोन्ही पाहतात, कारण दोहोंची उणीव पेशीला मोठे करते. शाकाहारी घरांत बी12 चा प्रश्न अधिक येतो. एमसीव्ही खाली असेल तर आधी लोह, आणि वऱ्हाडात त्याबरोबरच वंशागत हिमोग्लोबिनचे आजारही.

परळ येथेच थांबू, कारण कागदावरच्या रक्तगटाच्या ओळीचा एक प्रसिद्ध अपवादही तेथलाच आहे. 1926 साली सुरू झालेले सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे केईएम रुग्णालय एका अटीवर उभे होते : शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत. वसाहतीच्या वैद्यकव्यवस्थेत ती अट लहान नव्हती. त्याच परिसरात वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांच्यासमोर असे रक्त आले की ते कोणत्याही दात्याच्या रक्ताशी जुळेना. पेशींवर ए नाही, बी नाही, म्हणून ते ओ असावे. पण सीरम ओच्या पेशींनाही गोठवत असे.

ओ गट म्हणजे काहीच नसणे, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. तांबड्या पेशीवर आधी 'एच' नावाचा एक पाया असतो. त्यावर एक साखर जोडली की ए, दुसरी जोडली की बी. काहीच जोडले नाही तर उघडा पाया, म्हणजे ओ. मुंबईच्या त्या तीन व्यक्तींच्या पेशींवर तो पायाच नव्हता. म्हणून त्यांच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिद्रव्य होते आणि 'सर्वदाता' मानलेले ओ रक्तसुद्धा त्यांना घातक ठरले असते. लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह हा निबंध 1952 साली लॅन्सेटमध्ये आला आणि 'बॉम्बे रक्तगट' हे नाव जगभर गेले.

भारतात हा गट साधारण 10,000 लोकांमागे एकाचा मानतात, युरोपात त्याहून फारच दुर्मिळ. लॅबमध्ये केवळ पेशी तपासल्या तर तो ओ म्हणूनच निघतो. सीरमही ज्ञात ए, बी व ओ पेशींशी मिसळून पाहिले, तरच तो पकडला जातो. म्हणून उलटी तपासणी करणाऱ्या रक्तपेढीचे रुग्णाने आभार मानावेत. आणखी एक गोष्ट घराघरांत माहीत असावी : अशा व्यक्तीच्या जनुकांत ए किंवा बी दडलेले असू शकते. त्यामुळे दोन 'ओ' आईबापांना 'बी' मूल होऊ शकते, आणि केवळ रक्तगटाच्या कागदावरून कोणाच्या पितृत्वावर संशय घेणे हा निव्वळ अन्याय होय.

रक्तगटांतून वंश शोधण्याचा मोह त्याहून जुना. पहिल्या महायुद्धात सालोनिकाच्या आघाडीवर हिर्शफेल्ड दांपत्याने निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे गट पाहिले. इंग्रजांत ए अधिक, भारतीय सैनिकांत बी. 1919 साली ते छापून आले आणि त्यावरून काहींनी वंशांची उतरंड रचण्याचे उद्योग केले. आकडे खरे होते, निष्कर्ष पोकळ.

शेवटची ओळ आपल्या मेळघाटाची. विळ्यासारख्या वाकड्या पेशींचा आजार 1910 साली शिकागोत नोंदला गेला. 1952 साली तो निलगिरीतील आदिवासींत आढळला आणि 1958 साली नागपूरच्या आर. एन. शुक्ला व बी. आर. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल लक्षणाविषयी लॅन्सेटमध्ये लिहिले. तेव्हापासून विदर्भाचा नकाशा या आजाराशी जोडला गेला. हे जनुक हिवतापाने टिकवून ठेवले : एकच प्रत असलेल्या माणसाला तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, दोन प्रती आल्या तर मात्र आजार. म्हणजे ज्या दऱ्यांत हिवताप पिढ्यान्‌पिढ्या राहिला, त्यांचा इतिहास अजून तेथील रक्तात आहे.

येथे एक घोटाळा होतो. वाहकाची सीबीसी बहुधा अगदी स्वच्छ असते, त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणून घरी गेलेल्या माणसाला काहीच कळत नाही. वेगळी तपासणी करावी लागते. सर्वांत सोपी 'सोल्युबिलिटी' : रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर सिकलचे हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा बुजल्या तर आहे. पण त्या नळीला वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नाही. तो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीतच उलगडतो. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता 4 पैकी 1 असते. लग्नसराईपूर्वी पत्रिका जुळवणाऱ्या घरांनी ही नळीही एकदा पाहायला हरकत नाही. परळच्या रक्तगट संदर्भ केंद्रातून वाढलेल्या राष्ट्रीय संस्थेचे एक केंद्र याच कामासाठी आता चंद्रपुरात आहे.